इंजिन बांधून घ्यावे की टर्बो बसवावा?

मित्रहो, आजचा प्रश्न वेगाची आवड आणि खिशाची मर्यादा या दोन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत, त्या प्रत्येकापुढे कधी ना कधी उभा राहतो. गाडीची ताकद वाढवायची आहे आणि हाताशी ठरावीक रक्कम आहे. अशा वेळी जाणत्या कारागिराकडून इंजिन नव्याने बांधून घ्यावे, की आहे त्याच इंजिनावर कमी खर्चात टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवावा? याचे उत्तर मोघम बोलून मिळत नाही, म्हणून मी एकच गाडी समोर ठेवतो. ती म्हणजे माझदाची एमएक्स-५, जिला अमेरिकेत मिआटा म्हणतात. ही गाडी आपल्याकडे अधिकृतपणे विकली गेली नाही. पण अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी तिच्यावर हे दोन्ही मार्ग इतक्या वेळा चोखाळले आहेत की तिच्यात काय मोडते आणि केव्हा मोडते, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे.

१९९४ ते १९९७ या काळातल्या एमएक्स-५ मध्ये १८३९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८५ मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ९ ला १. अमेरिकेत १९९४ साली त्याची ताकद १२८ अश्वशक्ती सांगितली गेली आणि टॉर्क सुमारे १५० न्यूटन-मीटर होता. आपल्याला २०० अश्वशक्तीच्या आसपास पोहोचायचे आहे असे धरू.

टर्बोविना तिथे पोहोचायचे तर गणित कठोर आहे. वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत शिरते तेवढ्यावरच इंजिनाला काम भागवावे लागते, त्यामुळे उत्तम बांधलेल्या इंजिनाचाही टॉर्क दर लिटरला १००–११० न्यूटन-मीटरच्या फार पुढे जात नाही. म्हणजे इथे १९० न्यूटन-मीटर मिळाले तरी पुष्कळ झाले, आणि तेही मिनिटाला ७५०० फेऱ्यांपर्यंत टिकवले तरच २०० अश्वशक्ती हाती लागते. त्यासाठी हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) पोर्ट घासून नीट करणे, वेगळा कॅमशाफ्ट, ताठर स्प्रिंग, ११ च्या पुढचे कॉम्प्रेशन देणारे पिस्टन आणि बहुधा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, एवढा सगळा सरंजाम लागतो. शिवाय पिस्टन आणि रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) यांच्यावर जडत्वाने येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या ७००० वरून ८००० वर नेल्या की हा ताण सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, आणि तो प्रामुख्याने रॉडच्या बोल्टांना ओढतो.

या मार्गावर आपण पैसे कशाचे देतो, हे नीट समजून घ्यावे. घडीव पिस्टन आणि मजबूत रॉड कोणालाही विकत घेता येतात. चांगला कारागीर पैसे घेतो ते मोजमापाचे. होनिंग, म्हणजे दगडाने बोअर घासून नेमका करण्याचे काम, करताना तो ब्लॉकवर हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट कसतो, कारण हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअर किंचित वाकडा होतो आणि प्लेटविना केलेला गोल बोअर प्रत्यक्षात गोल राहत नाही. प्रत्येक बेअरिंगमधली फट तो मोजतो आणि लिहून ठेवतो. होनिंग झाल्यावर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने ब्रशने घासला जातो. मग बोअरमधून तेल लावलेले पांढरे फडके फिरवले जाते. फडक्यावर करडी रेघ उमटली तर ब्लॉक पुन्हा धुवायचा, कारण ती रेघ म्हणजे होनिंगच्या दगडाची पूड असते आणि ती आत राहिली तर नव्या रिंगा थोड्याच अंतरात झिजतात. एखाद्या इंजिनवाल्याची पारख करायची असेल, तर त्याने किती गाड्या जिंकवल्या हे विचारण्याआधी त्याची मोजमापांची नोंद दाखवायला सांगा. ती नसेल तर महागडे सुटे भाग घेऊन त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

आता टर्बोकडे येऊ. त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण तो हवेचा प्रश्नच बदलून टाकतो. टर्बोने वाढवलेल्या दाबाला बूस्ट म्हणतात; अर्धा बार बूस्ट म्हणजे हवेचा दाब दीडपट. पण हवा दाबली की तापते, आणि इथेच स्वस्तातल्या कामाची परीक्षा होते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २७ अंशांची हवा सुमारे ८० अंशांवर जाते आणि तिची घनता दीडपट न होता जेमतेम सव्वापट होते. चांगला इंटरकूलर लावून तीच हवा ४५ अंशांपर्यंत उतरवली, तर घनता १.४ पट मिळते. या हिशेबाने १२८ ची सुमारे १८० अश्वशक्ती होते, टॉर्क २१० न्यूटन-मीटरच्या घरात जातो, आणि त्यासाठी इंजिन उघडावेही लागत नाही. दोनशेची मजल गाठायला बूस्ट आणखी थोडा वाढवावा लागतो. माझदानेही २००४ मध्ये स्वतःच्या कारखान्यातून टर्बो लावलेली एमएक्स-५ विकली. तिची ताकद १७८ अश्वशक्ती होती. म्हणजे कंपनीनेही या इंजिनाकडून माफकच अपेक्षा ठेवली होती.

धोका आहे तो नॉकिंगचा. ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण एकदम पेटते आणि त्याचा घाव पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ पट्टीवर बसतो. मूळ ओतीव पिस्टन बूस्ट सहन करतात, असले घाव मात्र फार काळ सोसत नाहीत. जोरात चालवून लगेच बंद केलेल्या इंजिनाचा स्पार्क प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू झाले आहे. त्यांत चकाकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे आणि गाडी त्याच क्षणी थांबवली पाहिजे.

ही अडचण हौशी लोकांपुरतीच आहे असे मुळीच नाही. १९६२ साली ओल्ड्समोबीलने जेटफायर ही टर्बोची गाडी बाजारात आणली, तेव्हा तिचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १ एवढे चढे होते आणि नॉकिंग आवरण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जाई. अनेक मालक ती टाकी भरायलाच विसरत. आज ते काम इंटरकूलर आणि इलेक्ट्रॉनिक्स करतात, आणि म्हणूनच या दोन ठिकाणी काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे. एमएक्स-५ च्या मूळ ईसीयूला, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणाऱ्या इंजिनाच्या संगणकाला, बूस्टची कल्पनाच नसते. पूर्वी लोक इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर आणि इग्निशन मागे खेचणारा डबा लावून वेळ मारून नेत. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट हा स्वतः जुळवता येणारा ईसीयू उपलब्ध केला, तेव्हापासून या जुगाडाला सबब उरलेली नाही. टर्बो जुन्या गाडीतून काढलेला चालेल, त्याचा शाफ्ट हलवून आणि चाकाची पाती पाहून तो पारखता येतो. ईसीयू, इंजेक्टर, मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि अनुभवी माणसाकडून केलेले ट्यूनिंग यांचे पैसे मात्र आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत बसेल तो टर्बो घ्यावा.

आपल्याकडच्या मंडळींसाठी इथे एक इशारा आवश्यक आहे. अमेरिकेतल्या पंपावर ९१ किंवा ९३ असे लिहिलेले असते, तो ऑक्टेनच्या, म्हणजे पेट्रोल नॉकिंग किती आवरते याच्या, दोन निरनिराळ्या मापनांचा सरासरी अंक असतो. आपल्याकडे त्यांपैकी आरओएन हा एकच अंक वापरतात. तिथले ९१ म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ९५. त्यामुळे तिथल्या कोणी '९१ ऑक्टेनवर इतका बूस्ट चालतो' असे सांगितले, म्हणून आपण ९१ आरओएनचे पेट्रोल भरून तेवढाच बूस्ट लावला, तर पिस्टन फुटण्याची वाट पाहावी लागत नाही. कायद्याचेही भान ठेवावे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही, तेव्हा हे प्रयोग ट्रॅकवरच्या गाडीपुरतेच ठेवावेत.

मग निवड कशी करावी? आधी इंजिनाची कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी घ्यावी, म्हणजे सिलिंडर दाब धरतात की गळतात ते कळते. चारही सिलिंडर निरोगी असतील आणि दोनशेच्या आतबाहेर समाधान असेल, तर मी निःशंकपणे टर्बोच्या बाजूने कौल देईन. सिलिंडर गळत असतील, तर टर्बोचा विचारच सोडावा. या इंजिनाचे मूळ रॉड सुमारे ३०० न्यूटन-मीटरच्या पुढे भरवशाचे राहत नाहीत. लवकर चढणारा बूस्ट कमी फेऱ्यांवरच त्यांना दाबून वाकवतो, आणि वाकलेला रॉड पुढे ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. त्या पलीकडे जायचे असेल किंवा ट्रॅकवर तासन्‌तास गाडी दामटायची असेल, तर इंजिन जाणत्याकडून बांधून घेण्याला पर्याय नाही. सर्वांत वाईट निवड मी पाहतो ती मधली: घडीव पिस्टन विकत घ्यायचे, बोअरचे काम मात्र ओळखीच्या लेथवर अंदाजाने उरकायचे.

पैसा टप्प्याटप्प्याने येणार असेल तर क्रमाला फार महत्त्व आहे. आधी टर्बो, ईसीयू आणि इंटरकूलर घेतले, तर पुढे इंजिन बांधताना यांतले बरेचसे पुन्हा कामी येते. उलट आधी टर्बोविना चालणारे चढ्या कॉम्प्रेशनचे इंजिन बांधून घेतले आणि नंतर टर्बोची इच्छा झाली, तर पिस्टन पुन्हा बदलावे लागतात. म्हणून कारागिराकडे इंजिन सोपवतानाच 'याला पुढे बूस्ट मिळणार आहे' असे स्पष्ट सांगून ते कामाच्या कागदावर लिहून घ्यावे. बूस्टमुळे रिंग जास्त तापते आणि लांबते. ८३ मिलिमीटरच्या बोअरमध्ये टर्बोविना जी वरची रिंग सुमारे ०.३३ मिलिमीटर फटीवर सुखाने चालते, तिलाच बूस्टखाली ०.४५ च्या आसपास फट लागते. ती न दिल्यास रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची पट्टी तुटते.