तारलीच्या विस्तारलेल्या सीमा

श्रोतेहो, नमस्कार. एखादा मासा पूर्वी नोंद नसलेल्या समुद्रात सापडला की त्याची बातमी होते. परंतु अशा एकट्या नोंदीवरून फार थोडे कळते. तो मासा प्रवाहाबरोबर भरकटलेला असेल, जहाजाचा तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून आलेला असेल, किंवा तेथे पूर्वीपासून असूनही कोणी नीट शोधला नसेल. म्हणून आज एखाद्या दुर्मीळ माशाऐवजी, जिची आपल्याकडे अनेक दशकांची नोंद आहे, त्या तारलीविषयी बोलू.

भारतीय किनाऱ्यावर तारलीचे मुख्य क्षेत्र म्हणजे मलबार, साधारण ८ ते १४ उत्तर अक्षांशांमधला समुद्र. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे तेथे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते, खालचे थंड व पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि तारलीचे थवे त्यावर पोसले जातात. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातली जवळजवळ सगळी तारली याच पट्ट्यातून येत असे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ती नगण्य होती. पुढच्या दोन दशकांत मात्र तेथे ती मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. उत्तरेकडे, भटकळपासून डहाणूपर्यंतच्या १४ ते २० अंशांच्या पट्ट्यातील वाटाही वाढला आणि २००६ च्या सुमारास तो देशाच्या एकूण तारलीच्या सुमारे १५ टक्क्यांवर पोहोचला.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. कोकणच्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचे लांब जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, तारली नवी नाही. बदल झाला तो प्रमाणात, आणि तो लक्षात आला तो केवळ केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे कर्मचारी वर्षानुवर्षे बंदरांवर जाऊन उतरलेल्या माशांची नोंद ठेवत आले म्हणून. या संथ, कंटाळवाण्या कामाचे मोल मला कोणत्याही नव्या शोधाइतकेच मोठे वाटते. समुद्र तापत गेल्याने तारलीला मानवणारे तापमान उत्तरेकडे व पूर्वेकडेही मिळू लागले, असे संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडले.

मात्र सीमा रुंदावली म्हणजे मासा वाढला, असे मानणे घातक ठरेल. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये हा आकडा ३,२९७ टनांवर घसरला. त्यानंतर उत्पादन सावरले, पण तेवढ्या काळात त्या किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांचे काय हाल झाले असतील, याची कल्पना तुम्ही करू शकता.

बांगड्याची सीमा उत्तरेकडे सरकलीच, शिवाय ती खोलवरही गेलेली दिसते. १९८५ ते १९८९ या काळात तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांतून देशातला जेमतेम २ टक्के बांगडा येत असे. २००३ ते २००७ मध्ये हा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास गेला.

मासा नव्या पाण्यात केवळ चरायला येतो की तेथेच वाढतो, हे उतरलेल्या टनांवरून ठरत नाही. त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडाशी मिळालेल्या माद्यांची गाबोळी तपासावी लागते आणि समुद्रातून अंडी व पिल्ले गोळा करावी लागतात. नव्या पाण्यातली तारली तेथे रुजली आहे असे म्हणण्यापूर्वी हा पुरावा हाती हवा.