काट्यावरचे वजन, रस्त्यावरचे वजन

(दृश्य : सावळेश्वर टोलनाका. मालमोटारींची रांग.)

पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 आणि धुळ्याकडून विजापूरकडे उतरणारा महामार्ग 52 सोलापुरात एकमेकांना छेदतात. साखर हंगाम सुरू झाला की याच वाहतुकीत उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. या गर्दीतले कोणते वाहन नियमात आहे आणि कोणते नाही, हे नुसत्या नजरेने ओळखता येईल असे आपल्याला वाटते. पण नजर येथे हमखास फसते.

(दृश्य : होटगी रस्ता. सिमेंटने भरलेला ट्रक.)

या ट्रकच्या हौद्यात पोती फाळक्याच्या वरही आलेली नाहीत, त्यामुळे गाडी अर्धी रिकामी दिसते. मात्र पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक टन. गाडी खरोखर किती भरली आहे ते मागच्या चाकांजवळ वाकून पाहिले की कळते, कारण तेथे स्प्रिंगचे पाटे जवळजवळ सपाट झालेले असतात. काही मालक जादा पाटे बसवून घेतात. गाडी दबत नाही एवढाच त्याचा उपयोग. आरसी बुकात नोंदवलेले एकूण वजन त्याने एका किलोनेही वाढत नाही.

वजनाची मर्यादा दोन प्रकारे मोजली जाते : संपूर्ण गाडीचे भरलेले वजन आणि प्रत्येक एक्सलवर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या आडव्या कण्यावर, येणारा भार. केंद्र सरकारने जुलै 2018 मध्ये या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एकेरी एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर, तर जोडएक्सलची (जवळजवळ बसवलेल्या दोन एक्सलची मिळून) 19 टनांवरून 21 टनांवर गेली. सर्वांत मोठ्या जोडवाहनांचे कमाल एकूण वजन 49 ऐवजी 55 टन झाले. रस्त्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा आकडा एक्सलचा आहे. भार वाढला की डांबरी रस्त्याची झीज त्याच प्रमाणात वाढत नाही, ती साधारणपणे भाराच्या चौथ्या घाताने वाढते, असा ठोकताळा रस्ते अभियंते वापरतात. त्या हिशेबाने 11.5 टनांच्या एक्सलवर 14 टन लादले, तर वजन जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढते आणि झीज मात्र दुपटीहून अधिक होते. आपल्या जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरून गेलेल्या गावरस्त्यांना हा भार फार जड जातो.

(दृश्य : उसाची जोडट्रॉली, मागून.)

उसाचे प्रकरण सिमेंटच्या नेमके उलट आहे. ऊस जागा फार खातो, म्हणून येथे वजनाआधी आकाराचा प्रश्न उभा राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी 2.6 मीटरपेक्षा अधिक असू नये. 2020 च्या सुधारणेनंतर मालवाहनांची उंची सर्वसाधारणपणे 4 मीटरपर्यंत चालते. ट्रॉली या मापात असली तरी मोळ्या रचताना ऊस दोन्ही बाजूंना बाहेर येतो, मागचे दिवे त्याखाली झाकले जातात, आणि रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला समोर काय आहे ते अगदी जवळ गेल्यावरच समजते. बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेलेल्या मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपयांचा वेगळा दंड आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. जादा वजनाचा दंडही 20,000 रुपयेच, शिवाय प्रत्येक जादा टनामागे 2,000. म्हणजे चार टन जादा भरले तर 28,000. गाडी थांबवून वजन करू देण्यास नकार दिला, तर हीच रक्कम 40,000 होते.

मग गाड्या भरतात कोण? तोडणी-वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो, त्यामुळे एका खेपेत जितके बसेल तितके बसवण्याकडे टोळीपासून गाडीमालकापर्यंत सर्वांचा कल असतो. अशा वेळी एकट्या चालकाला धरणे सोपे असले तरी ते अपुरे आहे. कलम 113 गाडी चालवणाऱ्याइतकेच ती चालवू देणाऱ्यालाही लागू होते, आणि चालक मालक नसेल तर मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने हे घडले असे न्यायालय गृहीत धरू शकते.

(दृश्य : कारखान्याचा वजनकाटा. पावती छापली जाते.)

कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचे भरलेले आणि रिकामे वजन नोंदले जाते. या काट्याच्या खरेपणावरून शेतकरी आणि कारखाने यांच्यात वाद होतात. ते वादही पैशाचेच असतात. याच पावतीवरून गाडी रस्त्यावर किती जड होती हेही सांगता येते, पण त्यासाठी ती सहसा कोणी वाचत नाही. वास्तविक कलम 114 नुसार पुढील मार्गावरच्या कोणत्याही ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत काटा असेल, तर अधिकारी तेथे गाडी वजनाला नेण्यास सांगू शकतो. उसाच्या गाडीचा मुक्काम म्हणजे कारखाना, आणि काटा त्याच्या फाटकातच असतो.

वजन जास्त भरले, तर जादा माल चालकाने स्वतःच्या जबाबदारीवर उतरवायचा आणि तोवर गाडी हलवायची नाही, असे कायदा सांगतो. दंड भरून तोच भार पुढे नेण्याची मुभा त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2005 मध्ये जादा भाराला परवानगी देणाऱ्या काही राज्यांच्या योजना बेकायदा ठरवल्या होत्या. मात्र कारखान्याच्या दारात पोहोचलेला ऊस उतरवून काहीच साधत नाही, कारण तोपर्यंत रस्त्यावरचा प्रवास संपलेला असतो. तपासणी व्हायला हवी ती फडातून गाडी डांबरी रस्त्यावर चढते तेथे, आणि नेमका तेथेच काटा नसतो.