इंदूरच्या तुरुंगातली राखी

[दृश्य : डोंगरातून वळणं घेत जाणारा रस्ता. त्यावरून धावणारी एक बस.]

मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं उदयनगर. इथून इंदूरला जाणारी बस नाचनबोरच्या टेकडीवरून पुढे जाते. २५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी या बसमध्ये सिस्टर राणी मारिया बसल्या होत्या. इंदूरमार्गे भोपाळ आणि तिथून केरळ, म्हणजे आपल्या माणसांकडे, असा त्यांचा प्रवास होता.

त्याच बसमध्ये समंदर सिंग हा तरुण होता. वाटेत त्याने बस थांबवायला लावली, खाली उतरून नारळ फोडला आणि आत येऊन प्रवाशांना खोबऱ्याचे तुकडे वाटले. सिस्टरपुढे त्याने तुकडा धरला आणि हात मागे घेतला. आज एवढा आनंद कशाचा, असं त्यांनी विचारलं. त्यावर त्याने सुरा काढला.

लहानमोठ्या ५४ जखमा. बस माणसांनी भरलेली होती, पण कुणी मध्ये पडलं नाही. येशूचं नाव घेत घेत त्यांनी रस्त्याच्या कडेला प्राण सोडला.

[दृश्य : उदयनगर परिसरातली शेतं. बैठकीला बसलेल्या बायका.]

राणी मारिया मूळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळीच्या. जन्म १९५४ चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या त्या धर्मभगिनी. १९९२ मध्ये त्या उदयनगरला आल्या, तेव्हा इथले आदिवासी आणि भूमिहीन मजूर सावकाराच्या कर्जात रुतलेले होते. कर्ज एका पिढीने घ्यायचं आणि राबायचं पुढच्या पिढीने. सिस्टरनी बायकांचे बचतगट बांधले, बँकेतून कर्ज कसं मिळतं ते दाखवलं, सरकारी योजनांचे कागद भरून दिले. लोक सावकाराच्या ओट्यावर जाईनासे झाले आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या डोळ्यांत ही बाई खुपू लागली. सुरा समंदर सिंगच्या हातात होता. त्याला भरीला घालणारे मात्र दुसरे होते, हे त्यानेच पुढे अनेकदा सांगितलं आहे.

[दृश्य : तुरुंगाची उंच भिंत.]

जन्मठेप झाली. ज्यांच्या सांगण्यावरून त्याने हे केलं, ते तुरुंगाकडे फिरकलेही नाहीत. संसार मोडला. आत बसून तो एकच हिशेब मांडत होता : सुटलो की त्यांना संपवायचं. म्हणजे एका खुनातून दुसरा खून उगवत होता. शिक्षेने त्याला कोंडून ठेवलं होतं, पण त्याच्या आतला राग तसाच होता.

अशा वेळी स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटायला जाऊ लागले. पुन्हा पुन्हा जात राहिले. जिला मारलंस तिच्या घरच्यांनी तुला क्षमा केली आहे, हे त्यांनी त्याला सांगितलं. ज्याला आपल्या गुन्ह्याचं समर्थन करायचं असतं, त्याला शिव्या पचवता येतात. ही गोष्ट पचवणं त्याहून अवघड असावं.

२००२ च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या दिवसांत, इंदूरच्या तुरुंगात एक धर्मभगिनी त्याच्यासमोर उभी राहिली. सिस्टर सेल्मी पॉल. राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, आणि त्याच संघातली. ज्या हातात सुरा होता, त्याच हाताला तिने राखी बांधली आणि त्याला भाऊ म्हटलं.

खून झाला त्याला तेव्हा सात वर्षं उलटून गेली होती. हा काळ नीट लक्षात घ्यायला हवा. दुःखात बुडालेल्या माणसाला ‘झालं गेलं विसर, माफ करून टाक’ असं सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. तसं सांगायचा हक्क कुणालाच नाही. ज्याचं माणूस गेलं त्याने आपल्या वेळेने, आपल्या पायांनी तिथवर चालत जायचं असतं. सेल्मी तशाच गेल्या.

[दृश्य : चर्चमधला क्रूस. मेणबत्त्या.]

राखी बांधली म्हणून कोर्टाचा निकाल फिरला नाही. समंदर सिंग त्या दिवशी पुन्हा आपल्या कोठडीतच गेला. ख्रिस्ती श्रद्धेतली क्षमा अनेकांना इथेच कळत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूबरोबर क्रूसावर खिळलेला एक अपराधी आहे. तो आपल्या सोबत्याला म्हणतो की आपण आपल्या करणीचंच फळ भोगतो आहोत. मग येशूकडे वळून तो म्हणतो, माझी आठवण ठेव. येशू त्याला म्हणतो, ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ पण त्याचे खिळे कुणी काढत नाही. तो क्रूसावरच मरतो, क्षमा मिळालेला माणूस म्हणून. त्याच शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार येशूला घरी घेतो आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल करतो. पश्चात्तापाला असे हातपाय असावे लागतात. डोळ्यांतलं पाणी पुरत नाही.

[दृश्य : केरळमधलं घर, अंगण.]

पुढे राणी मारियांच्या कुटुंबाने आणि संघाने त्याच्या सुटकेसाठी राज्यपालांकडे अर्ज केला. तो निर्दोष आहे असं त्यात कुणाचंच म्हणणं नव्हतं. अकरा वर्षांहून जास्त काळ आत काढल्यावर, २००६ च्या ऑगस्टमध्ये तो बाहेर आला.

जानेवारी २००७ मध्ये तो पुल्लुवळीला गेला. त्या दारात पाऊल ठेवणं किती कठीण गेलं असेल! तुरुंगात निदान भिंती असतात. इथे समोर आई होती, एलिस्वा. त्याने क्षमा मागितली. तिने त्याचे दोन्ही हात धरून त्यांचं चुंबन घेतलं. या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलं आहे, असं ती माउली म्हणाली. तिने ते रक्त पुसून टाकलं नाही, त्याचं नाव घेतलं आणि मगच त्याला जवळ केलं.

[दृश्य : इंदूर. सोहळ्याला जमलेला समुदाय.]

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं. देशभरातून धर्मगुरू, धर्मभगिनी आणि भाविक आले होते. समंदर सिंगही आला होता. तो आता शेती करतो. उदयनगरला सिस्टरच्या कबरीपाशी जातो, सोबत आपल्या शेतातलं धान्य नेतो. पत्रकार त्याला गाठून तेच विचारतात आणि तो बसमधली ती सकाळ पुन्हा सांगतो. ते मीच केलं, हे सांगायचं तो टाळत नाही.