अंगणातला कोई हौद आणि परभणीची थंडी

डिसेंबरातली पहाट, परभणी. हवेचा पारा १० अंशांच्या खाली उतरलाय. कोई, म्हणजे रंगीत शोभेच्या जपानी कार्प माशांच्या हौदात दोरीनं सोडलेला थर्मामीटर मात्र १६ दाखवतोय. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट खोल, म्हणजे साडेचार हजार लिटर पाणी. एवढं पाणी एका रात्रीत फार निवत नाही. उथळ टाक्यांत पहाटे आणि दुपारी मोठा फरक पडतो, आणि कोईला थंडीपेक्षा हा चढउतार जास्त नडतो.

परदेशी व्हिडिओ बघून बरेच जण एअर पंपाचा, बुडबुडे सोडणारा दगड तळापासून उचलून बांधतात. बर्फाच्या मुलखात ते बरोबर. पाणी ४ अंशांना सर्वांत जड, म्हणून तिथं वर बर्फ आणि तळाला त्यातल्या त्यात ऊब. ती ढवळायची नसते. आपल्याकडं मात्र वर गार झालेलं पाणीच तळाला बसतं, तेव्हा दगड खुशाल तळाशी ठेवा.

रात्री बंद करायचा तो धबधबा, कोरड्या हवेत उडणारं पाणी झपाट्यानं गार होतं. फिल्टरचं पाणी त्यावरूनच येत असेल, तर पाइप थेट हौदात सोडा. फिल्टर थांबला की त्यातले, पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मरतात. संध्याकाळी बांबूंवर ताडपत्री टाका, एका कडेला वीतभर फट ठेवून.

खाद्य हौदातल्या पाण्याचा पहाटेचा पारा बघून. १८ च्या वर नेहमीसारखं. १५ ते १८ मध्ये एकदाच, दुपारी, पाच मिनिटांत संपेल एवढं. त्याखाली गव्हाच्या दाण्यातल्या बीजांकुराचं (व्हीट जर्म) हलकं खाद्य, तेही दिवसाआड; १० च्या खाली काहीच नाही. दुपारच्या उन्हात मासे वर येऊन तोंडं उघडतात, पाहुणे मुरमुरे टाकतात. गार पाण्यात ते पचत नाहीत, उरलेले कुजून विषारी अमोनिया होतो, आणि फिल्टरमधल्या, थंडीनं मंदावलेल्या जिवाणूंना तो आवरत नाही.

बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, पण त्यात प्राणवायू कमी असतो. आठवड्याला दहावा हिस्साच बदला. दुपारी, झारीसारखं उडवत.

मासे कडेला अंग घासू लागले, अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर आधी वनस्पती बाहेर काढा. मग लिटरला ३ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे या हौदाला साडेतेरा किलो. तेवढंच मीठ तीन दिवसांत तीन हप्त्यांत विभागून, बादलीत विरघळवून.

फेब्रुवारीत पाण्याचा पहाटेचा पारा सलग आठवडाभर १८ च्या वर राहिला, की दुसऱ्या वेळचं खाद्य सुरू करा.