गिटार उघडायची

(पडदा काळा. फक्त आवाज.)

अजून तारांना कुणी हातसुद्धा लावलेला नाही. तरी अँपमधून, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, हे घुंऽऽ चालू आहे. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. भिंतीतल्या वायरिंगमधून, ट्यूबच्या चोकमधून, फोनच्या चार्जरमधून ती गिटारमध्ये शिरते. कान तयार असेल तर सूरही सापडतो. पन्नासची दुप्पट शंभर, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जो जी (G) हा सूर वाजतो, त्याच्यापेक्षा जरासा चढा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथल्या गिटारी दुसऱ्याच सुरात कुरकुरतात.

(पिकगार्ड, म्हणजे गिटारच्या पुढची पाटी, उलटा होतो.)

तारा उतरवणं, अकरा स्क्रू काढणं, यात बघण्यासारखं काही नाही. थेट आत जाऊ.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका खोलीतली ही गिटार, स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवरची, स्वस्तातली. मूळ स्ट्रॅटोकास्टर फेंडरने 1954 साली आणली. तीन पिकअप, तीन पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करायची फिरती बटणं), एक स्विच. आतला नकाशा आजही जवळपास तोच. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर गिटारची तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळेही उमटते. वेढ्यांना दोन्ही सारखंच.

गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल उलटसुलट जोडायच्या, म्हणजे बाहेरचा आवाज आपसातच कटतो. हाच हंबकर. पण तो बसवला की स्ट्रॅटचा तो टणटणीत, सुटासुटा आवाज उरत नाही. दुकानात पहिला सल्ला मात्र ‘पिकअप बदला’ हाच मिळतो. दुसरा, ‘नॉइज गेट घ्या’, म्हणजे वाजवत नसताना आवाज बंद करणारं यंत्र. सोल्डरिंग आयर्न तापवा, असं कोणी म्हणत नाही; त्यात विकण्यासारखं फारसं काही नाही ना!

(तांब्याची पट्टी, अगदी जवळून.)

ही तांब्याची चिकटपट्टी, तपकीर गल्लीतून आणलेली. चारही बाजूंनी धातू असला की बाहेरचं विद्युत क्षेत्र आत पोचत नाही, हे मायकल फॅरडे यांनी 1836 मध्ये दाखवलं. तोच पिंजरा आता या लाकडी खोबणीत उभा राहतोय. आधी तळ, मग भिंती. कोपऱ्यात पट्टी नखाने बसवायची, चमच्याच्या पाठीने सुरकुत्या काढायच्या. एका पट्टीची कड दुसरीवर चढलेली हवी. काही पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेतो, काहींचा नेत नाही, आणि वेष्टनावर लिहिलेल्यावर आमचा फारसा विश्वास नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका.

मल्टिमीटरचं एक टोक इथे. दुसरं पार त्या टोकाला.

(बीप.)

पिकगार्डच्या पाठीलाही तांबं. खोबणीची कड वर दुमडून घेतली आहे, म्हणजे पिकगार्ड बसला की दोन्हीकडचं तांबं एकमेकांना टेकेल.

जॅकपाशी, म्हणजे केबल घालायच्या भोकापाशी, बरेच जण फसतात. हे वाकडं पान बघा. केबल आत घातली की ते बाहेर सरकतं. आता घालतो... सरकलं. तिथे उघडं तांबं असतं, तर गिटार ठार मुकी झाली असती. म्हणून त्या भिंतीवर इन्सुलेशन टेप.

आता वायरी. अर्थच्या सगळ्या वायरी व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर एकत्र आणल्या आहेत, तांब्यापासून आलेली एकसुद्धा. एकत्र आणून आवाज खरंच कमी होतो का, यावर गिटारवाल्यांत वाद आहेत. दोष शोधणं सोपं जातं, एवढं नक्की. तो इथेच सापडला.

(मागचं झाकण उघडलेलं. स्प्रिंगा.)

ही काळी वायर. स्प्रिंगा जिला अडकवल्या आहेत त्या लोखंडी पट्टीला ती जोडलेली असायला हवी. डाख सुटलाय. माणसाचं अंग अँटेनासारखं वीज गोळा करतं, आणि तारा अर्थला जोडलेल्या असल्या तरच हात ठेवल्यावर आवाज बसतो. इथे तारा लोंबकळत होत्या, कशालाच न जोडलेल्या. 25 वॅटचं आयर्न या पट्टीपुढे हात टेकतं, सगळी उष्णता लोखंडच खातं. पट्टी पॉलिश पेपरने घासली, 60 वॅटचं आयर्न टेकवून ठेवलं... थांबा... आता सोल्डर पाझरलं. चकाकतंय, म्हणजे धरलंय.

(आधी. नंतर. निवेदन नाही.)

चरचर गेली. खालचं घुंऽऽ थोडं राहतं, कारण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राला पातळ तांबं अडवत नाही. अँपपासून लांब, जरा वळून उभं राहायचं. वरचे सूर किंचित दबतात, ते चालतं. आणि हो, ही अर्थ केबलमधून अँपला जाते, अँपच्या तीन पिनांच्या प्लगमधून भिंतीत. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत लेस हार्वे हा गिटारवादक, हातात गिटार असताना, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. तेव्हा वाजवण्याआधी सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.