‘आजी, तुला आजोबांचं लोकेशन माहीत नव्हतं?’

नमस्कार मंडळी. बोलायचं ठरवलं होतं वेगळंच. पण परवा माझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं आजीला विचारलं, “आजी, तुला आजोबांचं लोकेशनच माहीत नव्हतं?” तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

आई पत्रांचं पुडकं सोडून बसली होती. निळी अंतर्देशीय पत्रं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बाबांचा नंबर, युनिट आणि ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. गावाचं नावच नाही. १९७१ साली तुळशीची लग्नं आटोपल्यावर यांचं लग्न लागलं आणि पाचव्या दिवशी रजा रद्द झाल्याची तार आली. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं तेव्हा आई गिरगावातल्या चाळीत होती. सासरच्या माणसांची नावंसुद्धा अजून पाठ झाली नव्हती.

काचांना काळा कागद, भोंगा वाजला की दिवे बंद. “काळोखात कुणी बोलायचं नाही,” आई सांगत होती. “माझ्याच बांगड्या तेवढ्या वाजायच्या. मग मी मनगटं धरून बसायचे.”

हे मी वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा ऐकलं.

९ डिसेंबरच्या रात्री ‘खुक्री’ युद्धनौका बुडाली, १९४ जण गेले. बाबा नौदलात नव्हते, तरी ती बातमी आली तेव्हा शेजारणींनी आईला रेडिओजवळ येऊ दिलं नाही. १६ तारखेला ढाका पडलं, चाळीत पेढे वाटले. आईनं पेढा हातातच धरून ठेवला. बाबांचं पत्र आलं ते जानेवारीत. पहिलीच ओळ होती, ‘तुझा चेहरा नीट आठवत नाही, फोटो पाठव.’ पाच दिवसांचा तर संसार!

मंडळी, आपले आईवडील सहा-सहा महिने इथे येऊन राहतात. आपण त्यांच्याकडून अनारसे करून घेतो, मुलं सांभाळून घेतो, नायगारासमोर त्यांना उभं करून फोटो काढतो. शेजारी बसून विचारत मात्र नाही. माझ्या घरी ते एका लहान मुलीनं विचारलं, आणि तिला त्या पत्रांतलं एक अक्षर वाचता येत नाही. शनिवारची मराठी शाळा मीच बंद केली होती, पोहण्याच्या क्लाससाठी.

एक पत्र आईनं उघडलं, स्वतःशीच वाचलं आणि घडी घालून सगळ्यांच्या खाली ठेवलं. लेकीनं विचारलं, “त्यात काय आहे?” आई म्हणाली, “मोठी झालीस की वाच.”

आई गुरुवारी परत जाते आहे. पुडकं तिच्या बॅगेत आहे. ते इथेच ठेव म्हणावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.