बीईचं शेवटचं वर्ष आणि कॅट: नोव्हेंबर दोघांचाही असतो तेव्हा

नमस्कार मित्र-मैत्रिणींनो! आजचा व्हिडिओ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि त्याच वर्षी कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांमधल्या एमबीएची प्रवेश परीक्षा, देणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरणं मी पुणे विद्यापीठाची घेते, कारण तिथलं वेळापत्रक मला चांगलं ठाऊक आहे. तुमचं विद्यापीठ दुसरं असेल तर तारखा थोड्या मागेपुढे करून घ्या.

(स्क्रीनवर नोव्हेंबरचं कॅलेंडर)

हे कॅलेंडर बघा. 2023 मध्ये कॅट झाली 26 नोव्हेंबरला, 2024 मध्ये 24 ला, 2025 मध्ये 30 ला. म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. आता याच महिन्यात कॉलेजात काय चाललेलं असतं? सबमिशन, ओरल, प्रॅक्टिकल, प्रोजेक्टचा रिव्ह्यू, आणि त्याला लागूनच एंड-सेम, म्हणजे सेमिस्टरअखेरची परीक्षा. दोन्ही पाहुणे एकाच दिवशी दारात उभे असतात, आणि जूनमध्येच ते कळलेलं असतं.

यावर सगळीकडे एक सल्ला मिळतो: रोज 2 तास कॉलेजचा अभ्यास, 2 तास कॅटचा, टाइमटेबल करा आणि भिंतीवर लावा. मला हा सल्ला पटत नाही. असं टाइमटेबल इन-सेमच्या, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेच्या, आठवड्यात मोडतं, आणि एकदा मोडलं की मुलं स्वतःलाच बोल लावत बसतात. माझं म्हणणं असं आहे की दिवस वाटून घेऊ नका, महिने वाटून घ्या. काही महिने कॅटला झुकतं माप द्यायचं, काही कॉलेजला. का ते सांगते.

विद्यापीठाचा पेपर सिलॅबसचा असतो. 2019 च्या पॅटर्नमध्ये इन-सेम 30 मार्कांची, पहिल्या 2 युनिटवर. एंड-सेम 70 ची, उरलेल्या 4 युनिटवर. मागच्या वर्षांचे पेपर हाताशी असतात. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, नेटाने बसलं की हे होतं, आणि तीन वर्षांत तुम्ही ते करून दाखवलेलं आहे.

कॅटला आयआयएम अधिकृत सिलॅबसच देत नाहीत. 3 विभाग: इंग्रजी वाचन-आकलन, डीआयएलआर (तक्ते-आलेख आणि तर्काची कोडी) आणि क्वांट (गणित). प्रत्येकाला बरोबर 40 मिनिटं, एका विभागातून दुसऱ्यात जायची सोय नाही. 2024 मध्ये एकूण 68 प्रश्न होते, बरोबर उत्तराला 3 गुण, पर्याय असलेल्या प्रश्नात चुकलात तर 1 वजा. यात गणितापेक्षा निवड तपासली जाते. कोणता प्रश्न उचलायचा, कोणता सोडायचा. अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्मे मिळवणारा विद्यार्थी 99 पर्सेंटाइलच्या घरात, म्हणजे शंभरातल्या साधारण 99 जणांच्या पुढे असतो. म्हणजे निम्मा पेपर शांतपणे सोडून देता आला पाहिजे! ही सवय अंगात मुरायला महिने लागतात, पीएलच्या 10 दिवसांत ती येत नाही.

म्हणून जुलै, ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर कॅटचा. क्वांटची अंकगणित, बीजगणित, भूमिती ही मूळ तयारी तेव्हाच उरकायची. याच काळात प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड टेस्ट सुरू होतात, त्यात टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग हेच विचारतात. वेगळी तयारी करू नका, एकाच वहीत दोन्ही होतं. आणि कॅटचा फॉर्म ऑगस्टच्या सुरुवातीला सुटतो, सप्टेंबरमध्ये बंद होतो. प्रोजेक्टच्या गडबडीत तो राहून जातो, खरंच जातो. सुटला त्याच आठवड्यात भरून टाका.

इन-सेमच्या आधीचे 8-10 दिवस कॅट जवळजवळ बंद. फक्त अर्धा तास वाचन. मनात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आता येतो खरा गुंता, आणि तो थिअरीचा नाही. तो सबमिशनचा आहे.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा डोळ्यांसमोर आणा. चार-पाच विषयांच्या फाइल्स. प्रत्येकीत आठ-दहा राइट-अप, काही हातानेच लिहायचे. आउटपुटच्या प्रिंट काढायच्यात, झेरॉक्सच्या दुकानात रांग. इंडेक्सच्या पानावर प्रत्येक प्रॅक्टिकलसमोर सरांची सही हवी, आणि सर मीटिंगला गेलेत. त्यांच्या केबिनबाहेर 3 तास उभं राहायचं, मग कळतं की असाइनमेंट 4 ची तारीख चुकली आहे. या 3 तासांत ना अभ्यास होतो ना आराम. मुलांची कॅट बहुतेक वेळा या कॉरिडॉरमध्ये जाते, फोरियरच्या गणितात नाही.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. राइट-अप प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात लिहायचा आणि सही पुढच्याच लॅबमध्ये घ्यायची. लॅबमध्ये सर असतातच आणि गर्दीही नसते. ऑक्टोबरअखेर फाइल्स जवळजवळ पूर्ण हव्यात. प्रोजेक्टच्या ग्रुपशी जुलैतच बोलून घ्या. स्पष्ट सांगा: नोव्हेंबरच्या शेवटच्या 2 आठवड्यांत माझ्याकडून कमी काम होईल, म्हणून रिपोर्टची पहिली प्रकरणं मी सप्टेंबरमध्ये लिहून देते. आधी देऊन मग सवलत मागितली की मित्र नाही म्हणत नाहीत. ऐनवेळी गायब झालात तर मात्र ग्रुपमध्ये कटुता येते, आणि ती मेपर्यंत राहते.

ऑक्टोबर हा मॉकचा, म्हणजे सराव परीक्षांचा महिना. दर रविवारी एक मॉक पुरे. कॅट सकाळी 8:30, दुपारी 12:30 आणि 4:30 अशा 3 स्लॉटमध्ये होते, मॉकही याच वेळांना द्या. दुपारी जेवून 12:30 ला वाचन-आकलनाचा विभाग सोडवणं वेगळंच असतं. अनुभव घेतल्याशिवाय कळत नाही.

आणि मॉकपेक्षा जास्त वेळ तो तपासायला द्या. कसं तपासायचं ते दाखवते.

(स्क्रीनवर वहीचं पान)

पानाचे 3 रकाने. पहिला, येतच नव्हतं. दुसरा, येत होतं पण वेळ जास्त गेला. तिसरा, हातच लावायला नको होता. समजा डीआयएलआरचा एक सेट आहे, 5 मित्र, 5 शहरं, 5 व्यवसाय. तुम्ही तक्ता काढलात, 14 मिनिटं घालवलीत आणि 2 प्रश्न सुटले. उत्तरं बरोबर आली म्हणून तुम्ही खूश. पण 40 मिनिटांतली 14 गेली आणि शेजारी 8 मिनिटांत सुटणारा आलेखाचा सेट तसाच राहिला. हा सेट तिसऱ्या रकान्यात लिहायचा, उत्तर बरोबर असूनही. चार-पाच मॉकनंतर तिसरा रकाना सगळ्यात मोठा दिसायला लागतो, आणि तिथे नवीन काही न शिकता गुण वाढतात. हे तपासणं बसमध्ये, कँटीनमध्ये, लेक्चरच्या मधल्या सुट्टीत तुकड्यातुकड्यांत होतं. त्याला सलग वेळ लागत नाही, म्हणून सेमिस्टर चालू असताना हेच सगळ्यात उपयोगी काम आहे.

वाचनाबद्दल थोडं मनापासून सांगते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना. पुष्कळ मुलं क्वांटमध्ये तरबेज असतात आणि पहिल्या विभागाला घाबरतात. आयआयएम प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ लावतात, त्यामुळे तो विभाग सोडून भागत नाही. तुमची समज कमी नाही. मराठीतला गुंतागुंतीचा अग्रलेख तुम्ही एका बैठकीत वाचता, लेखकाची बाजू ओळखता, त्यातली पळवाटही पकडता. इंग्रजीत तेच करायचंय, फक्त वाक्यागणिक मनात मराठी करत बसायचं नाही. रोज एक लांब लेख. विषय मुद्दाम परके घ्या: तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, समुद्री जीव. वाचून झालं की लेखकाचं म्हणणं 2 ओळींत लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. सबमिशन असो की पेपर, हा अर्धा तास मोडू नका. पुन्हा वेग धरायला फार दिवस जातात.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कॅटसाठी डिग्रीवर पाणी सोडू नका. आयआयएमच्या मुलाखतीच्या यादीत कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही धरले जातात, प्रत्येक संस्थेचं प्रमाण वेगळं. आणि मुलाखतीत फ्रेशरला पहिल्या पाच-दहा मिनिटांत विचारतात, आवडता विषय कोणता? प्रोजेक्ट कशावर? मेकॅनिकलच्या मुलाला थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम समजावून सांगता आला नाही, तर 99 पर्सेंटाइल असूनही तो तिथेच अडकतो. तुमचा प्रोजेक्ट ही मुलाखतीची तयारीच आहे. तो दुसऱ्याकडून विकत आणू नका. ग्रुपमधल्या एकट्या हुशार मुलीवरही टाकू नका. तुमच्या वाट्याचा भाग स्वतः करा.

ज्यांचा बॅकलॉग आहे, म्हणजे मागचे विषय राहिलेत, त्यांनी आधी तो काढावा. प्रवेश मिळाला तरी पदवी वेळेत पूर्ण झाल्याचं दाखवावं लागतं.

कॅटचा रविवार संपला की काय? कदाचित दोन दिवसांनी एंड-सेमचा पेपर असेल. त्या संध्याकाळी मित्रांशी उत्तरं जुळवत बसू नका, फोनवर कोणाचा अंदाजित कटऑफ ऐकू नका. आन्सर की येईल तेव्हा येईल, निकाल डिसेंबरमध्ये. जेवा, झोपा, सकाळी युनिट 3 उघडा.

आणि कॅट मनासारखी गेली नाही तर वर्ष बुडालं असं समजू नका. एमबीएच्या दुसऱ्याही प्रवेश परीक्षा आहेत: स्नॅप डिसेंबरमध्ये असते, एक्सॅट जानेवारीच्या पहिल्या रविवारी. मार्च-एप्रिलच्या सुमारास आपली, म्हणजे महाराष्ट्राची, एमबीए सीईटी येते. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुण्याचं पुम्बा, अशा एमबीए कॉलेजांचे दरवाजे तिथून उघडतात. सीईटी मात्र फार वेगळी आहे: 200 प्रश्न, 150 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद, आणि चुकीला दंड नाही. कॅटमध्ये सोडायला शिकलात, इथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. एंड-सेम संपल्यावर आठवडाभर विश्रांती घ्या आणि मग फक्त वेगावर काम करा. तो सराव कसा करायचा, ते पुढच्या व्हिडिओत वेळ लावून प्रत्यक्ष सोडवून दाखवते.